उशीत कोणाची पिसं?

घाटकोपरच्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहावं. गिऱ्हाईक बिस्किटाचा पुडा उचलतं, उलटा करतं, हिरवा ठिपका दिसला की पिशवीत टाकतं. मुलुंड असो की बोरिवली, शाकाहारी घरांत ही सवय शाळकरी मुलांनाही लागलेली आहे. पाकीटबंद खाद्यपदार्थांवरचं हे चिन्ह या शतकाच्या सुरुवातीला सक्तीचं झालं. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत पुण्याची ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था होती. डायना रत्नागर यांच्या नेतृत्वाखाली ती १९७४ पासून भारतात काम करते आहे.

हेच गिऱ्हाईक उशी घ्यायला जातं तेव्हा उशी दाबून बघतं, भाव विचारतं आणि घरी घेऊन येतं. आत काय भरलंय हा प्रश्न निघालाच तर मऊपणापुरता निघतो. ज्या घरात अंडंही चालत नाही, त्या घरात बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांवर डोकं टेकून कुणीतरी वर्षानुवर्षं झोपत असेल आणि घरातल्या कुणालाच ते ठाऊक नसेल, असं सहज घडू शकतं. उशीवर ना हिरवा ठिपका असतो, ना मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण.

मुंबईच्या उपनगरांत ही उशी येते कुठून? अंधेरी पूर्वेला, सहारच्या विमानतळाभोवती बड्या हॉटेलांची रांग आहे. परदेशी पाहुण्याला त्याच्या सवयीचं अंथरूण मिळावं म्हणून अशा हॉटेलांत पिसांच्या उश्या आणि रजया ठेवण्याची पद्धत जगभर आहे. एक रात्र तशा उशीवर झोपलेला माणूस घरी आल्यावर तशीच उशी शोधू लागतो. ऑनलाइन दुकानांत ती मिळते. शिवाय न्यू जर्सीला किंवा टोरांटोला राहणारी मुलगी सुट्टीत येताना आईबाबांसाठी हलकी, उबदार रजई घेऊन येते. दाबून भरलेल्या बॅगेत ती इतकीशी होते आणि घरी उघडली की पलंगभर फुलते. बोरिवलीच्या डिसेंबरात चार-आठ दिवस ती अंगावर घेतली जाते आणि मग कपाटात जाते.

त्या फुलण्यातच या पदार्थाची सगळी किंमत आहे. पक्ष्याच्या अंगावर दोन थर असतात. वरची पिसं लांब, कडक, मधोमध दांडी असलेली; ती पाणी आणि वारा अडवतात. त्यांच्या खाली, मुख्यतः छातीवर आणि पोटावर, दांडीच नसलेली बारीक मऊ पिसं असतात. व्यापारात त्यांना डाऊन म्हणतात. एक कण चिमटीत धरून उजेडात पाहिला, तर मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा बिंदू आणि त्यातून सगळ्या दिशांना सुटलेले अतिशय बारीक तंतू दिसतात. रुईचं बोंड फुटल्यावर वाऱ्यावर तरंगणारी ‘म्हातारी’ मुलं पकडतात, तसाच तो दिसतो. बोटांत दाबला की नाहीसा होतो, सोडला की पुन्हा उलगडतो. या तंतूंमध्ये हवा अडकते आणि अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बाजारात डाऊनची प्रत ‘फिल पॉवर’ या आकड्यानं सांगतात. एक औंस डाऊन किती घनइंच जागा व्यापतं, तो हा आकडा. आठशे फिल पॉवरची रजई सहाशेच्या रजईपेक्षा तेवढ्याच उबेला हलकी भरते आणि महाग पडते.

जगातलं बहुतेक डाऊन कत्तलखान्यातून येतं. बदकाचं मांस सर्वांत जास्त खाल्लं जातं ते चीनमध्ये, आणि डाऊनचा सर्वांत मोठा पुरवठादारही चीनच आहे. त्यानंतर नावं येतात हंगेरी, पोलंड अशा पूर्व युरोपातल्या देशांची, जिथे पाळीव हंस मोठ्या संख्येनं वाढवतात. भारतात बंगाल, आसाम आणि केरळात बदकं पाळली जातात, पण ती अंड्यांसाठी आणि मांसासाठी. आपल्या उष्ण हवेत पक्ष्याच्या अंगावर थंड प्रदेशातल्यासारखा जाड थर धरतही नाही.

मांसासाठी वाढवलेलं पेकिन जातीचं पांढरं बदक साधारण सहा-सात आठवड्यांचं झालं की कापलं जातं. कत्तलीनंतर ते कढत पाण्यात बुडवतात, म्हणजे पिसांची मुळं सैल होतात; मग रबरी बोटं बसवलेल्या फिरत्या यंत्रात पिसं निघतात. ओली पिसं गोळा होऊन व्यापाऱ्याकडे आणि तिथून धुलाई कारखान्यात जातात. तिथे ती साबणाच्या पाण्यात अनेकदा धुतली जातात, जंतू मरावेत म्हणून पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडच्या उष्णतेत वाळवली जातात आणि शेवटी वर्गवारी होते. वर्गवारीचं यंत्र म्हणजे एकाला एक लागून उभ्या केलेल्या उंच कोठ्या. खालून हवेचा झोत सोडतात. दांडीची जड पिसं पहिल्याच कोठीत खाली बसतात, हलकं डाऊन वर चढतं आणि भिंतीवरून पलीकडच्या कोठीत उतरतं. एका पक्ष्याच्या एकूण पिसांत डाऊनचा वाटा थोडाच, म्हणून एका रजईमागे अनेक पक्षी लागतात. वेगवेगळ्या फार्मांवरची, कधी वेगवेगळ्या देशांतली पिसं इथे एकत्र होतात. कुठलं पीस कुठल्या पक्ष्याचं आणि कसं काढलेलं, हे यानंतर पीस पाहून कुणालाही सांगता येणार नाही.

कंपन्या म्हणतात, मांसासाठी पक्षी मरणारच होता, पिसं वाया जाण्यापेक्षा कामाला आली. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मांस खाणाऱ्या वाचकाला ते पटेलही. पण पिसांना भाव मिळतो, म्हणून तो पैसा पक्षी पाळण्याच्या हिशेबात धरलेलाच असतो. आणि पक्षी मरतो कसा याइतकंच तो जगतो कसा हेही पाहायला हवं. बदक हा पाण्याचा पक्षी. डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ ठेवायला त्याला निदान डोकं बुडेल एवढं पाणी लागतं. बंदिस्त शेडमध्ये वाढणाऱ्या लाखो बदकांना पिण्याच्या नळीपलीकडे पाणी मिळत नाही. पोहण्यासाठी घडलेला पक्षी एकदाही न पोहता मरतो.

याहून वाईट प्रकार हंसांच्या बाबतीत होतो. जिवंत हंसाची पिसं उपटली तर काही आठवड्यांनी नवी येतात आणि ती पुन्हा उपटता येतात. हंस जिवंत ठेवून त्याच्या आयुष्यात दोन-चारदा पीक घेता येतं, आणि पैदाशीसाठी ठेवलेले पक्षी काही वर्षं जगत असल्यानं त्यांच्या वाट्याला हे कितीतरी अधिक वेळा येतं. मजूर हंसाचे पाय आणि पंख गुडघ्यांत दाबून धरतो आणि छातीवरची, पोटावरची पिसं मुठी-मुठीनं ओढून काढतो. मजुरी पक्ष्यांच्या संख्येवर असली तर हात भरभर चालतो. कातडी फाटते. काही ठिकाणी ती सुई-दोऱ्यानं तिथेच शिवल्याची चित्रणं प्राणिसंघटनांनी जगापुढे आणली आहेत. पिसाचं मूळ त्वचेत ज्या जागी असतं तिथे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात. वाढीच्या वयातलं पीस उपटलं की रक्त येतं.

२००९ साली स्वीडनच्या टीव्हीवर ‘काल्ला फाक्ता’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात हा प्रकार दाखवला गेला आणि युरोपातल्या घराघरांत रजईबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागले. खरं तर युरोप परिषदेच्या समितीनं १९९९ मध्येच जिवंत पक्ष्याची पिसं उपटू नयेत असं म्हटलं होतं. पण एक फट राहिली. हंसाची पिसं ठरावीक काळानं आपोआप गळतात. त्या दिवसांत सैल झालेली पिसं हातानं गोळा करायला हरकत नाही, असा अर्थ लावला गेला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये या प्रश्नावर शास्त्रज्ञांचं मत प्रसिद्ध केलं. फक्त पूर्ण पिकलेली पिसं काढली तर वेदना टाळता येतात, हे त्यांनी मान्य केलं; पण कळपातल्या सगळ्या हंसांची पिसं एकाच दिवशी पिकत नाहीत, एकाच हंसाच्या अंगावरचीही नाहीत, त्यामुळे व्यवहारात न पिकलेली पिसंही ओढली जातात, हेही त्यांनी नोंदवलं.

‘आपोआप गळलेली’ हे शब्द मुंबईकरालाही ओळखीचे आहेत. सिग्नलला किंवा देवळाबाहेर मोरपिसांची जुडी विकणारा हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोराला पूर्ण संरक्षण दिलं आहे, पण त्याच्या शेपटीच्या गळलेल्या पिसांच्या देशांतर्गत विक्रीला सूट आहे. जुडीतलं प्रत्येक पीस जंगलात वेचलेलं आहे की कशातून आलेलं, हे विकत घेणाऱ्याला ओळखता येत नाही. वन्यजीव कार्यकर्त्यांचा या सवलतीवरचा आक्षेप नेमका हाच आहे.

जिवंत पक्ष्याच्या पिसांचा हा वाद आपल्या इलाख्यात शंभर वर्षांपूर्वीही झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या हॅटवर बगळ्याचे तुरे मिरवायची फॅशन होती. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर येणारी झुपकेदार पांढरी पिसं त्यासाठी हवी असत. म्हणजे शिकार नेमकी घरट्यात पिल्लं असताना व्हायची. आईबाप मारले जायचे आणि पिल्लं उपाशी मरायची. इंग्लंडमध्ये १८८९ साली काही स्त्रियांनी या फॅशनविरुद्ध संघटना काढली, तीच पुढे तिथली पक्षिसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्था झाली. १९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारनं जंगली पक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी घातली.

तरी मागणी होतीच. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, १९३६ पर्यंत राहिला. तिथल्या तळ्यांकाठी लोकांनी बगळे पिंजऱ्यांत पाळायला सुरुवात केली. त्यांची पैदास करायची आणि जिवंत पक्ष्याचे तुरे काढून विकायचे, असा हा धंदा होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली जॉर्ज बर्च यांनी सिंधमधल्या या बगळेपालनावर लेख लिहिला, १९२२ मध्ये याच विषयावर बेन्सन यांचा लेख आला. पक्षी मारावा लागत नाही, ही या शेतीची जमेची बाजू मानली जाई. पक्ष्याला काय सोसावं लागतं हा दुसरा प्रश्न तिथेही उभा होताच. १९२१ मध्ये ब्रिटननं पिसांच्या आयातीला बंदी करणारा कायदा केला, हॅटची फॅशनही बदलली आणि ही शेती संपली. हा भाग फार कुणाला माहीत नसतो. गोरेगावला चित्रनगरीच्या शेजारी याच नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या सहली तिथे फुलपाखरं आणि पक्षी बघायला जातात. त्या मुलांना बगळ्याच्या तुऱ्याची ही हकिकत जरूर सांगावी.

हॅटवरचं पीस डोळ्यांना दिसायचं, म्हणून त्याविरुद्ध लोकमत तयार होऊ शकलं. रजईतलं पीस दोन कापडांच्या आत शिवलेलं असतं.

ग्राहकांचा रेटा वाढल्यावर २०१४ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र सुरू झालं. टेक्स्टाइल एक्स्चेंज ही संस्था ते चालवते. जिवंत पक्ष्याची पिसं उपटायची नाहीत, घशात नळी घालून जबरदस्तीनं चारायचं नाही, फार्मपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक टप्प्याची तपासणी व्हावी, अशा अटी त्यात आहेत. काहीच नसण्यापेक्षा हे नक्कीच बरं. परंतु पैदाशीच्या पक्ष्यांचे फार्म तपासणीत आणणं या प्रमाणपत्रात ऐच्छिक ठेवलेलं आहे, आणि सर्वाधिक वेळा उपटले जातात ते हेच पक्षी. तपासनीस एखाद्या दिवशी येतो, पिसं मात्र वर्षभर निघत असतात. जबाबदारीचा शिक्का मिरवणाऱ्या पुरवठ्याशी जोडलेल्या चीनमधल्या काही फार्मांवर जिवंत हंस उपटले जात असल्याचा आरोप पेटा या प्राणिहक्क संघटनेच्या आशियातल्या तपासकांनी २०१६ मध्ये चित्रणासह केला. याच संघटनेचं भारतातलं काम २००० साली मुंबईतून सुरू झालं.

घशात नळी घालून चारण्याचा संबंध इथे कसा, असं वाटेल. फ्वा ग्रा नावाचा एक महागडा फ्रेंच पदार्थ आहे. हंसाला किंवा बदकाला नळीनं मका कोंबून त्याचं यकृत अनेक पटींनी सुजवतात आणि ते यकृत खातात. भारतानं जुलै २०१४ मध्ये या पदार्थाच्या आयातीवर बंदी घातली. असं करणारा भारत हा जगातला पहिला देश. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयातही बंद झाली. दोन्ही निर्णय अभिमान वाटावा असेच आहेत. मात्र उशीतल्या पिसांचा विषय या दोन्ही निर्णयांत आला नाही. ज्या हंसाचं यकृत आपण क्रूरतेच्या कारणानं देशात येऊ देत नाही, त्याच हंसाची छातीवरची पिसं रजईत भरून आली तर पाकिटावरून ते कळायला मार्ग नाही. आयात मालावर उगमाचा देश छापावा लागतो, पण तो तयार वस्तूचा देश असतो. पक्षी कुठल्या देशातल्या कुठल्या शेडमध्ये वाढला, हे त्यात येत नाही.

पक्ष्याला हात न लावता डाऊन मिळवण्याची एक जुनी रीत आइसलँडमध्ये टिकून आहे. आयडर नावाचं समुद्री बदक घरटं करताना स्वतःच्या छातीची पिसं काढून अंड्यांभोवती पसरतं. तिथले शेतकरी कोल्ह्यांपासून आणि मिंकपासून या घरट्यांची राखण करतात आणि त्या बदल्यात घरट्यातलं डाऊन गोळा करतात. किलोभर डाऊनला साठेक घरटी लागतात. साऱ्या देशाचं वर्षाचं उत्पन्न तीन टनांच्या आसपास, आणि त्याची रजई लाखांच्या घरात जाते. अंधेरीतल्या गिऱ्हाइकाच्या उशीत ते नसतं हे धरून चालावं.

आता मुंबईला या उबेची गरज किती, हेही पाहायला हवं. सांताक्रूझ वेधशाळेतली आजवरची सर्वांत कमी नोंद ७.४ अंश सेल्सिअसची आहे, २२ जानेवारी १९६२ ची. एरवी जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली फारसा जात नाही. डाऊन बनलं आहे बर्फासाठी. शिवाय ओलावा हा त्याचा शत्रू. दमट हवेत त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि फुगणं कमी होतं. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरणाऱ्या या शहरात अशी उशी नीट ठेवणं जिकिरीचं असतं. पांढऱ्याशुभ्र डाऊनच्या मऊपणाचं कौतुक करतानाही हे मान्य करावं लागेल, की मुंबईच्या घरात ते बहुतेक एसीच्या गारव्यात वापरण्यासाठी येतं.

आरोग्याचा मुद्दा थोडक्यात. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर कबुतरखान्यांवरून मुंबईत जे रण पेटलं, त्यात पिसांच्या आणि विष्ठेच्या कणांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं नाव घरोघरी पोहोचलं. पिसांच्या अंथरुणामुळेही तशाच जातीचा आजार होऊ शकतो. पिसांची नवी रजई वापरू लागल्यावर स्कॉटलंडमधल्या एका माणसाला दोन पायऱ्या चढल्यावर धाप लागू लागली आणि कारण सापडल्यावर रजई बदलून, औषधांनी तो बरा झाला, अशी नोंद २०१९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. आजार दुर्मीळ आहे. तरी न कळणारा कोरडा खोकला आणि दम लागत असेल तर डॉक्टरांना अंथरुणाबद्दलही सांगावं.

पिसांना पर्याय शोधायला उपनगराबाहेर जावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे गल्लीत धुनकीची तार वाजायची आणि सोसायटीच्या आवारात गादीचा कापूस पिंजला जायचा, हे मुलुंड-भांडुपच्या मध्यमवयीन लोकांना आठवत असेल. धुनकी आता क्वचित दिसते, पण स्टेशनजवळच्या बाजारात गादीवाले टिकून आहेत. दुकानाच्या मागच्या अंगाला पिंजण्याचं यंत्र, पुढे पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे तागे. दबलेली जुनी गादी नेऊन दिली तर ते शिवण उसवतात, कापूस पिंजतात, घट आली असेल तेवढा नवा मिसळतात आणि गिऱ्हाइकासमोर भरून टाके घालून देतात. आत काय चाललंय ते डोळ्यांदेखत दिसतं. वीस-वीस वर्षं तोच कापूस फिरून फिरून वापरणारी घरं अजून आहेत. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हा व्यवहार अधिक उघडा आहे आणि तो चालू राहावा असं मनापासून वाटतं.

उशीसाठी मात्र गादीवाला आजही सावरीचा कापूस सुचवतो. काही जण त्याला सेमल म्हणतात. काटेसावर आणि पांढरी सावर अशा दोन झाडांच्या बोंडांतून तो निघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पानं गळालेली काटेसावर लाल फुलांनी भरते आणि मैना, कोतवाल, बुलबुल मधासाठी गर्दी करतात. उन्हाळ्यात बोंडं तडकतात. उद्यानातून काहीही वेचायला अर्थातच मनाई आहे. बाजारातला कापूस बाहेरच्या झाडांचा. या कापसाचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, पांढऱ्या सावरीच्या तंतूत तर बहुतेक जागा हवेचीच. म्हणून तो हलका असतो आणि पाणी लवकर धरत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बोटीवरच्या जीवरक्षक जाकिटांत हाच कापूस भरत. जावा बेट जपाननं घेतल्यावर त्याचा पुरवठा तुटला, तेव्हा १९४४ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी तिथल्या रुईसारख्या एका रानझुडपाची बोंडं गोळा करून जाकिटांसाठी दिली होती. सावरीच्या उशीचा तोटा एवढाच, की ती धुता येत नाही. ऊन दाखवावं लागतं, आणि चार-पाच वर्षांत कापूस चुरून बसतो.

बाजारातली उशी मात्र आज बहुतेक पॉलिस्टरची असते. दुकानदार तिला रिक्रॉनची म्हणतात, फायबरची म्हणतात. रिक्रॉन हे रिलायन्सच्या पॉलिस्टर तंतूचं नाव. ती स्वस्त असते, घरच्या मशीनमध्ये धुता येते, कुठल्याही पक्ष्याला तिच्यासाठी झळ लागत नाही. पण ती खनिज तेलापासून बनते आणि टाकून दिल्यावर कुजत नाही. कापूसही निर्दोष नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे महाराष्ट्रानं विसरू नये. तरीही कोंबडी-बदकं खाणारा असो वा न खाणारा, जिवंत पक्ष्याला पायांखाली दाबून उपटलेल्या पिसांचं समर्थन कोणी करील असं वाटत नाही. मुंबईसारख्या हवेत तर तेवढी गरजही आड येत नाही.

गरज खरोखर असते ती उंच पर्वतांवर. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात आयडरची पिसं भरून शिवलेला कोट घालून गेला. लोकरी कोट घातलेले सहकारी आधी हसले, मग थंडीत त्यांना त्याचा हेवा वाटला. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक शिखरावर गेले. त्या उंचीवर शून्याखाली तीस-चाळीस अंशांत वजनाच्या हिशेबानं डाऊनच्या तोडीचं फारसं काही अजून नाही. अमेरिकी लष्करासाठी १९८० च्या दशकात तयार झालेल्या प्रिमालॉफ्टसारखे कृत्रिम तंतू ओले झाले तरी ऊब धरतात, आणि सह्याद्रीतल्या किंवा हिमालयातल्या साध्या ट्रेकला ते भरपूर होतात. ज्याला डाऊनच हवं त्याच्यासाठी जुन्या रजया-जाकिटांतली पिसं धुऊन पुन्हा भरलेला माल आता परदेशी बाजारात मिळतो. त्यासाठी नवा पक्षी लागत नाही. कपाटात आधीच असलेली रजई फेकून देण्यात काही अर्थ नाही, ती वापरावी किंवा हिमालयात निघालेल्या कुणाला द्यावी.

नवी उशी घेणाऱ्यानं लेबलवरचे शब्द तेवढे नीट वाचावेत. ‘गूज डाऊन’, ‘डक डाऊन’, ‘फेदर’ किंवा ‘फेदर अँड डाऊन’ लिहिलं असेल तर आत पक्ष्याची पिसं आहेत. ‘डाऊन अल्टरनेटिव्ह’, ‘मायक्रोफायबर’, ‘होलो फायबर’ हे सगळे पॉलिस्टरचे प्रकार. यांतला डाऊन हा शब्द पाहून शाकाहारी गिऱ्हाइकानं उगाच दचकू नये. लेबलच नसेल तर उशी दोन बोटांत चाचपावी. पिसांच्या उशीत बारीक दांड्या टोचतात आणि कापडाच्या शिवणीतून एखादं पीस डोकावतं. निखळ डाऊन मात्र टोचत नाही, तिथे दुकानदाराला विचारावंच लागतं: पिसं कुठल्या पक्ष्याची, कुठल्या देशातली, जिवंत पक्ष्याची नाहीत याचा कागद आहे का, आणि त्या कागदात पैदाशीचे फार्म धरले आहेत का. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. ते मिळेपर्यंत स्टेशनच्या बाजारातल्या गादीवाल्याकडे सावरीच्या कापसाची उशी भरायला टाकावी, संध्याकाळपर्यंत ती तयार होते.